नवरा बोटीवर, मुलं मागच्या सीटवर: शनिवार-रविवारी एकटीने गाडी काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा मर्चंट नेव्हीत, गेल्या महिन्यात साइन-ऑन झाला, आता सहा महिने घरी नाही. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चारची. राहायला पुण्यात. गावात गाडी रोज चालवता, पण हायवेला आजवर नवराच बसलाय. शनिवार उजाडला की मुलं ‘कुठेतरी जाऊ या’ म्हणून मागे लागतात आणि सासूबाई म्हणतात, तो आला की जा. एकटीने जाणं सुरक्षित आहे का, आणि जायचं तर कुठे?

ताई, माझा नवराही बोटीवरच असतो, मरीन इंजिनिअर आहे. आमचा मुलगा आता पंधराचा, मुलगी अकराची. ती तीन वर्षांची असल्यापासून मी या दोघांना घेऊन एकटी फिरतेय, म्हणजे आठ वर्षं झाली. आधी खरी अडचण कुठली ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नात ती मला दिसली नाही.

तुम्हाला काळजी आहे ती हायवेवर गाडी चालवण्याची. ते जमतं. सरळ रस्ता, आपली लेन, बेताचा वेग. लक्ष्मी रोडवर गाडी घालणाऱ्या बाईला सातारा रस्ता जड नाही. कस लागतो तो गाडी उभी केल्यावर. दोघं असताना एक जण पेट्रोल भरतो, दुसरा मुलीला ‘शू’ला नेतो. एक बिल देतो, दुसरा गेट धरून उभा राहतो. एकटीला हे सगळं एकाच वेळी करायचं असतं, हात दोनच आणि मुलंही दोन. माझ्या आठ वर्षांतले घाबरायचे प्रसंग मोजले तर एक-दोन सोडून सगळे गाडी उभी असतानाचे आहेत. म्हणून मी ट्रिप ठरवताना ठिकाण शेवटी बघते. आधी बघते की किती वेळा थांबावं लागेल, कुठे, आणि तिथे तिघांना एकत्र उतरता येईल का.

आता हे सगळ्यांना सारखं लागू नाही. तुमची मुलगी डायपरमधून पूर्ण सुटलीय का, दोघांपैकी कुणाला गाडी लागते का, मुलगा सांगितलेलं ऐकणारा आहे की दार उघडलं की पळणारा, गाडी किती जुनी आहे, यावर बरंच ठरेल. आणि सर्वांत जास्त तुमच्या झोपेवर. आदल्या रात्री मुलगी तापाने किंवा खोकल्याने जागली असेल तर सकाळी मी सरळ जाणं रद्द करते. मुलं रडतात, तासाभराने विसरतात. गाडीत दुसरा ड्रायव्हर नाही, त्यामुळे ‘तू घे जरा, मी डोळा लावते’ हे वाक्यच आपल्याकडे नाही. बाजूला थांबवून झोपावं म्हटलं तर मुलं जागी असतात आणि आपण झोपलेल्या. तेही चालत नाही.

यातूनच माझा परतीचा नियम निघालाय: दुपारचं जेवण झाल्यावर लांबचं ड्रायव्हिंग नाही. शनिवारी पहाटे साडेपाचला निघायचं, मुलांना रात्रीच्या कपड्यांतच उचलून बसवायचं, नाश्ता पोचल्यावर. रविवारी नाश्ता करून निघायचं आणि जेवायला घरी. लोकांना हे वेडेपणाचं वाटतं. रविवारची अख्खी दुपार वाया घालवता म्हणतात. पण रविवारी संध्याकाळी खेड-शिवापूरपासून कात्रजपर्यंतची रांग पाहिलीय ना? त्या रांगेत मागे भुकेली, चिडलेली दोन मुलं आणि ब्रेकवर आपला पाय, याला मी सुट्टी म्हणत नाही.

अंधार टाळायचं कारणही सांगते, कारण घरचे लोक ते वेगळंच समजतात. ‘बाईमाणूस रात्री एकटी’ हे कारण मला फार भिववत नाही. मला भिववते ती उसाची ट्रॉली. गाळप हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत, सातारा-बारामती-नगर कुठल्याही बाजूला जा, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशी दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारातून एकदम पुढ्यात उभा राहतो. शेजारी दुसरं माणूस असलं तर ते ‘अगं, अगं’ करून ओरडतं तरी. एकटीचे डोळे दोनच, त्यातलं थोडं लक्ष मागच्या भांडणात. सूर्य मावळायच्या आत गाडी पार्किंगला.

थांब्यांकडे येऊ. पेट्रोल शुक्रवारी संध्याकाळीच भरते, हवाही तेव्हाच बघते, स्टेपनीचीसुद्धा. दीडशे किलोमीटरच्या आत जायचं असेल तर वाटेत पंपावर थांबायची वेळच येत नाही, आणि एक अख्खा थांबा वाचतो. फास्टॅगचा बॅलन्सही त्याच वेळी बघून ठेवते. सातारा रस्त्याने वारंवार जाणार असाल तर वार्षिक पासचा विचार करा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा तीन हजारांचा होता, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलला चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला नाही.

उरतो बाथरूमचा थांबा. तो मी मोठ्या, गजबजलेल्या हॉटेलवर घेते, जिथे गाडी दारासमोर लावता येते. तिथला नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: उतरायचं तर तिघांनी. झोपलेल्या मुलीला उठवायला जिवावर येतं, ‘एकच मिनिट तर आहे, काच थोडी खाली ठेवते’ असं मनात येतं. नाही. बंद गाडी उन्हात किती लवकर तापते याचा आपल्याला अंदाज नसतो, शिवाय आठ वर्षांच्या मुलाच्या भरवशावर चार वर्षांची मुलगी सोपवणं हे त्याच्यावरही ओझं आहे. उठवायचं, कडेवर घ्यायचं, जायचं.

मुलाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणार. आठ वर्षांच्या मुलाला लेडीजमध्ये नेलं की बायका बघतात, जेन्ट्समध्ये एकटं पाठवायला आपलं मन होत नाही. मी साधारण नऊपर्यंत सरळ आत नेलं. कुणी काही बोललं तर ‘एकटी आहे हो’ एवढंच सांगायचं; नव्वद टक्के बायका लगेच सरकून जागा देतात. त्यानंतर तो जेन्ट्समध्ये जायला लागला, तेव्हा मी दाराबाहेर उभी राहायची आणि त्याने आतून मोठ्याने पाढे म्हणायचे. आवाज चालू तर मुलगा ठीक. शिरवळजवळच्या एका हॉटेलात आतून एक आजोबा हसत बाहेर आले आणि म्हणाले, ‘तेराच्या पाढ्यात अडकलाय तो, थोडा वेळ लागेल.’ मुलाला आता हे आठवलं की तो लाल होतो, पण त्याचे पाढे पक्के आहेत.

गाडी लागण्याबद्दल. आमची मुलगी पसरणी घाटात पहिल्यांदा ओकली. वाईहून पाचगणीला चढताना, ऐन वळणावर, मागे बस. थांबायला जागा नाही. मी आरशात बघतेय, ती रडतेय, मुलगा ‘ईऽऽ’ करून खिडकीला चिकटलाय. मला सगळ्यात अवघड गेलं ते थांबायचा मोह आवरणं. पाचेक मिनिटं तशीच चालवत राहिले, रस्त्याला रुंद जागा आली तेव्हा बाजूला घेतली. ओकलेलं मूल पाच मिनिटं थांबू शकतं. घाटातल्या वळणावर उभी केलेली गाडी मागच्याला दिसत नाही. आता घाट सुरू व्हायच्या आधी पायथ्याशी एक थांबा ठरलेला असतो. पहाटे दूध देत नाही, पण रिकाम्या पोटीही चढत नाही, कोरडा खाकरा किंवा भाकरीचा तुकडा. मोबाईल बंद, नजर लांब बाहेर. आवळ्याची सुपारी जवळ. मोठ्या माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका, तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा. दोघांच्या हाताशी एक-एक जाड पिशवी, आत जुना टॉवेल. पिशवी ओढायचा सराव घरीच करून घ्या. हसू नका, आमच्याकडे झालाय.

बसायचं कसं, यात मी कडक आहे. दोघं मागे. चार वर्षांच्या मुलीला चाइल्ड सीट. आठ वर्षांच्या मुलाला बेल्ट लावून बघा: पट्टा खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जायला हवा. तो मानेला किंवा पोटाला घासत असेल तर बूस्टर घ्या. साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत लागतो. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर कायद्याने एक हजाराचा दंड आहे, पण दंडासाठी कोण करतंय. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक आणि काचांचं लॉक निघण्यापूर्वी तपासायचं.

आणि ‘तू आता बाबांच्या जागी’ म्हणून मुलाला पुढे बसवू नका. मी सुरुवातीला केलं होतं ते. पुढे बसणं त्या वयाला सुरक्षित नाही, हे एक. दुसरं, तो खरंच स्वतःला बाबांच्या जागी समजायला लागला. मी रस्ता चुकले तर त्याला रडू यायचं. आठ वर्षांच्या पोराला कशाला ती जबाबदारी? त्याला त्याच्या वयाचं काम द्या. पाट्या वाचणं, पाण्याच्या बाटल्या सांभाळणं, थांबा आला की बहिणीचे बूट काढून ठेवणं. आमच्या पुढच्या सीटवर खाऊची पिशवी असते. ती जड झाली की गाडीला वाटतं माणूस बसलंय आणि बेल्टचा पीं-पीं सुरू होतो, म्हणून पिशवीला बेल्ट लावावा लागतो. मुलं तिला ‘बाबा’ म्हणतात. ‘आई, बाबातून चिवडा दे.’ फोनवर हे ऐकून नवऱ्याला काय वाटलं असेल ते त्याने सांगितलं नाही, पण पुढच्या सुट्टीत घरी आला तेव्हा स्वतःच पिशवी मांडीवर घेऊन बसला.

नवऱ्याबद्दल आणखी एक. त्याला लाइव्ह लोकेशन देऊ नका. एकदा मी दिलं. ताम्हिणी घाटात रेंज गेली, माझा ठिपका पाऊण तास एका जागी, तोही घाटात. तो तिकडे समुद्रावर, करता काहीच येईना, मग त्याने माझ्या भावाला, दिराला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, सगळ्यांना मेसेज केले. आम्ही मजेत भजी खात होतो. आता लोकेशन माझ्या बहिणीकडे असतं, ती पुण्यातच आहे, गाडी घेऊन येऊ शकते. तिला सांगितलेलं असतं की अमुक वाजेपर्यंत पोचल्याचा मेसेज आला नाही तर त्यानंतर एक तासाने हालचाल कर. नवऱ्याला पोचल्यावर फोटो.

बिघाडाचं नियोजन मात्र ट्रिपच्या आधी करायचं. माझं टायर एकदा भर दुपारी हायवेवर बसलं. चाक बदलायला मला येतं. पण त्या पंधरा मिनिटांत मुलं कुठे ठेवू? गाडीत ठेवायची नाहीत, कारण कडेला उभ्या गाडीला मागून धडक बसू शकते. बाहेर उतरवली तर डाव्या बाजूला, कठड्याच्या पलीकडे, आणि चार वर्षांच्या मुलीला तिथे एकटं उभं करून मी पाना घेऊन बसणार, हे शक्य नाही. तेव्हापासून गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप बरोबर असतो. ट्यूबलेस टायरला खिळा लागला असेल तर हवा भरून हळूहळू पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. तसं जमत नसेल तर हॅझर्डचे दिवे लावा, तिघं डाव्या दाराने उतरा, कठड्याआड उभे राहा आणि १०३३ ला फोन करा, ही राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन आहे. बाकी कशालाही ११२, ॲम्ब्युलन्सला १०८. स्वतः चाक बदलण्याचा हट्ट मुलं बरोबर नसताना पुरा करायचा.

आता जे लिहायला आवडत नाही ते. आपल्यालाच काही झालं तर? डॅशबोर्डच्या खणात एक कागद ठेवा: तिघांची नावं, रक्तगट, कुणाला कशाची ॲलर्जी, पुण्यातले दोन फोन नंबर, ‘वडील जहाजावर आहेत, लगेच फोन लागणार नाही’ हे वाक्य. फोनच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी नंबर. आणि मुलाला मावशीचा किंवा आजीचा नंबर तोंडपाठ. एका संध्याकाळचं काम आहे, एकदा केलं की डोक्यातून जातं.

पाण्याचा नियम तर मला मोडताच येत नाही. पोहता न येणारी दोन मुलं आणि एकटी मी असताना धबधब्यात, धरणाच्या कडेला, नदीच्या डोहात उतरायचं नाही. समुद्रावर घोट्यापर्यंत, तेही दोघांचे हात हातात असतील तेव्हा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे बरोबर मोठी माणसं होती, एकमेकांना धरून उभी होती, तरी. पावसाळ्यातला घाट आणि धबधबा नवरा आल्यावर, तोही लांबून.

मग जायचं कुठे? पहिली फेरी मुलांशिवाय. एका मैत्रिणीला घ्या, पहाटे निघा, खंबाटकी ओलांडून सुरूरपर्यंत जा, चहा प्या, परत या. ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं, ओव्हरटेक कधी सोडून द्यायचा, हे मुलांच्या कलकलाटाविना एकदा अंगात मुरू द्या. दुसरी अर्ध्या दिवसाची: नसरापूरचं बाणेश्वर. पस्तीसेक किलोमीटर, देऊळ, झाडी, मुलांना पळायला जागा, अकरापर्यंत परत. किंवा केतकावळ्याचं प्रतिबालाजी, तिथे जेवणाचीही चिंता नाही. मग पूर्ण दिवसाची वाई: नव्वदेक किलोमीटर, ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा. घाटाच्या पायऱ्यांवर मुलीचा हात सोडू नका, खाली कृष्णा आहे. पसरणी चढू नका पहिल्या खेपेला, वाईतच रमा.

हिवाळ्यात भिगवण सुंदर. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, घाट नाही, उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे. पण मुलीच्या मापाचं लाइफ जॅकेट असेल तरच नावेत बसा. आम्ही गेलो तेव्हा नव्हतं, काठावरून दुर्बिणीने बघितलं. मुलगा फुरंगटून बसला, मग त्याला एक पक्षी मासा गिळताना दिसला आणि तो दुर्बीण सोडेना. नारायणगावच्या बाजूला गेलात तर खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, जरूर दाखवा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतांमधून पसरल्यात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं. शनिवार-रविवारचं लोणावळा माझ्या यादीत नाहीच.

मुक्काम चौथ्या-पाचव्या खेपेनंतर. मला रिसॉर्टपेक्षा शेतावरचं घरगुती कृषी पर्यटन बरं वाटतं, कारण तिथे घरातली बाई असते, जेवण समोर येतं, आणि मी आंघोळीला गेले तर मुलांवर एक डोळा ठेवणारं कुणीतरी असतं. बुकिंगच्या फोनवर मी तीन गोष्टी विचारते: विहिरीला किंवा शेततळ्याला कुंपण आहे का, खोली तळमजल्यावर मिळेल का, कुत्रा बांधलेला असतो का. शेततळं विशेष विचारा. प्लॅस्टिकचा कागद घातलेलं असतं, पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. एका ठिकाणी मालक म्हणाले, ‘अहो, आजवर कुणी पडलं नाही.’ मी दुसरीकडे बुक केलं.

खोलीची किल्ली देताना ‘साहेब मागून येतायत का?’ हे विचारलं जातंच. पूर्वी मी सगळी कहाणी सांगायचे. आता ‘हो, संध्याकाळपर्यंत’ म्हणते. खोटं आहे, मला त्याचं काही वाटत नाही. मुलांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर आमच्या मुलीसारखी तुमची लेकही काउंटरवर मोठ्याने सांगेल, ‘बाबा ब्राझीलला आहेत ना?’

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या, तो आला की जा. मी त्यांना बाणेश्वरच्या फेरीत मागे दोघांच्या मध्ये बसवून नेलं. देवदर्शन होतं, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. जाताना त्यांनी पुढच्या सीटचं हँडल घट्ट धरलं होतं आणि प्रत्येक ट्रकला ‘सावकाश, सावकाश’ चाललं होतं. येताना नसरापूर फाटा गेला आणि मागून आवाज बंद झाला. आरशात बघितलं तर दोन्ही नातवंडं जागी आणि आजी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. घरी उतरल्यावर पहिलं वाक्य काय, तर जेजुरीचा रस्ता कसा आहे गं आता?